शटरावरचा तुझा हात

विनायका,

तुला जुन्या बाजाराच्या लाइनीतून नेलं तेव्हा भरदुपार होती आणि सगळी शटरं खाली होती. आपल्या बाजाराची रीतच ती. बाजारातल्या माणसाची मयत बाजारातून निघाली की दुकानदार गल्ल्यावरून उठतो, शटर खाली ओढतो आणि हात जोडून पायरीवर उभा राहतो. मयत वळणावरच्या निंबाच्या पुढे गेली की शटर पुन्हा वर. तू काही दुकानदार नव्हतास, शाळेत चित्रकला शिकवणारा मास्तर होतास, पण जुन्या लाइनीने तुला केव्हाच आपल्यात घेऊन टाकलं होतं. म्हणून रफिकभाई गादीवाल्याने शटर ओढलं, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने ओढलं आणि मी माझ्या भांड्यांच्या दुकानाचं ओढलं. बाकीच्यांना काही ओढावं लागलं नाही. त्यांची आधीपासूनच खाली होती.

आणि तुझं चित्र सलग दिसलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, शटरामागून शटर, आठवडी बाजाराला आलेली माणसं. जानेफळकडच्या टोकाला रिकाम्या पिशव्या घेऊन येणारी, मधे भाव करणारी, आणि डोणगावकडच्या टोकाला भरल्या पिशव्यांनी परत निघालेली. तू रंगवल्यापासून ते असं भरदुपारी कोणी पाहिलंच नव्हतं. सकाळी दुकानं उघडली की चित्रातली माणसं गुंडाळून वर जायची, मधे मधे खिंडारं पडायची. तूच एकदा माझ्या पायरीवर बसून ब्रश रॉकेलमध्ये बुडवता बुडवता म्हणाला होतास, "शेट, हे चित्र ज्या दिवशी भरदुपारी सलग दिसन ना, त्या दिवशी समजजो, लाइन मेली."

मी तुला खांदा देऊन चाललो होतो आणि मान वळवून ते चित्र पाहत होतो. माणसाने अशा वेळी रामाचं नाव घ्यावं. मी मनातल्या मनात तुला शिव्या देत होतो, की घे, झालं ना तुझं खरं.

मला शेट म्हणणारा जगात तू एकटाच. गावात मला कोणी शेट म्हणत नाही, म्हणावं असं काही दुकानात उरलेलंही नाही. पाटीवरच्या दगडी पेन्सिली चोरून खाणारे आपण दोघं, तू मास्तर झालास आणि मी वडिलांच्या गल्ल्यावर बसलो, तेव्हापासून तू मला चिडवायला शेट म्हणतोस. म्हणायचास. हे अजून तोंडात बसत नाही.

सगळं सुरू झालं बसस्टँड बायपासला गेलं तिथून. आधी जानेफळची, डोणगावची, बीबीकडची गाडी लाइनीच्या तोंडाशी थांबायची. माणूस उतरला की समोर आम्ही. लग्नाचं कापड, गादी, भांडी, बांगड्या, सगळं एका ओळीत घेऊन तो संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. स्टँड गेलं, मागोमाग हॉटेलं गेली, मग मोबाइलवाले, मग बरेचसे कापडवाले. बायपासला काचेची कॉम्प्लेक्सं उभी राहिली. लाइनीत आम्ही उरलो, ज्यांना हलायची अक्कल नव्हती किंवा हौस नव्हती.

मग नवे मुख्याधिकारी आले. वयाने पोरगेलेसे, मनाने चांगले. त्यांनी नगरपालिकेत दुकानदारांची बैठक घेतली, चहा-बिस्किटं दिली आणि सांगितलं की जुना बाजार पुन्हा उभा करायचा आहे. दिवे लागतील, बसायला बाकं येतील, शटरांवर चित्रं निघतील, आणि लाइनीत जो कोणी नवीन दुकान टाकेल त्याला काही वर्षं घरपट्टी माफ. चित्रांसाठी बाहेरून माणसं बोलवायचं चाललं होतं. तू मागच्या खुर्चीवरून उठलास. बैठकीला तुला बोलावलंही नव्हतं, तू माझ्याबरोबर चहाला आला होतास.

"बाहेरचा माणूस काऊन पाहिजे साहेब? मी आहो न," म्हणालास.

परत येताना आपलं जुंपलं. ते भांडण आजपर्यंत मिटलेलं नाही, आणि आता मिटण्याची सोय तू ठेवली नाहीस.

"लोकं चित्र पाहाले येतीन बे, भांडं घ्याले नाही," मी म्हणालो.

"पहिले येतीन त सही. मंग घेतीन."

"पाहून पोट भरते काय?"

"आन् तुह्या दुकानात काय भरून राह्यलं सध्या? माशा?"

तो पूर्ण उन्हाळा तू रंगवत होतास. उजाडायच्या आत, दुकानं उघडायच्या आधी, कारण उघड्या दुकानाचं शटर रंगवणार कसं? ऊन चढलं की पत्रा असा तापायचा की हात टेकवत नसे. मग तू माझ्या पायरीवर येऊन बसायचास, टोपीने वारा घेत, अंगाला ऑइलपेंटचा वास. तुझे जुने विद्यार्थी, आता लेकराबाळांचे बाप झालेले, शिडी धरायला यायचे. तुझ्या गुडघ्यांनी तर नोकरीतच जवाब दिला होता. मी म्हणायचो, उतर खाली, पडशील. तू म्हणायचास, पडलो तर तुझ्या दुकानाच्या दारात पडेन, तेवढंच कोणी तरी तुझ्या दारात आलं असं होईल.

माझं शटर बरोबर मधे येत होतं, भाव करणाऱ्या माणसांत. तिथे तू स्वतःलाच काढलंस. वाकडी टोपी, काखेत छत्री, डाव्या हातात पाणी प्यायचा पितळी गडवा आणि उजव्या हाताचं बोट वाकवून त्याच्यावर टिचकी मारणारा तू. रोज सकाळी तू माझ्या दुकानात हेच करायचास. आल्या आल्या फळीवरचा एखादा गडवा उचलायचा, कानाजवळ धरायचा, बोटाच्या पेराने वाजवायचा. ज्याला चीर नाही ते भांडं कसं लांब गुणगुणतं, तुला ते ऐकायला आवडायचं. मग "लय भारी वाजते, ठेव, कोन्या नवरीच्या नशिबात आहे हा," असं म्हणून जागेवर ठेवायचा आणि चहा मागायचा. इतक्या वर्षांत तू माझ्याकडून चमचा विकत घेतला नाहीस. तुझ्या लग्नाची भांडी आमच्याकडून गेली तेव्हा गल्ल्यावर वडील होते, आणि त्या भांड्यांवर तुझं आणि सुमनवहिनीचं नाव मी टाकलं होतं, नव्यानेच हात बसत होता म्हणून अक्षरं तिरकी गेली. त्याच्यानंतर तू नुसता वाजवणारा. मी म्हणायचो, सकाळी सकाळी तू आलास की माझी बोहनी बुडते, पहिलं गिऱ्हाईकच फिरकत नाही. तू म्हणायचास, बोहनी लक्ष्मीची असते, मी सरस्वतीच्या खात्यातला आहे.

उद्घाटनाला मंत्री नाही आले, पण माणसं आली. खरंच आली. पहिले काही रविवार लाइनीत पाय ठेवायला जागा नव्हती. पोरंपोरी शटरांपुढे उभी राहून फोटो काढायचे, शाळेच्या सहली यायच्या. तू नवा सदरा घालून पायरीवर बसायचास, जणू घरचं लग्न. तेव्हा मीही थोडा हललो होतो, तुझंच खरं होईल असं वाटलं होतं, हे तुला बोललो नाही. तुला बोललो असतो तर तू वर्षभर ते माझ्या डोक्यावर वाजवलं असतंस.

पण गंमत अशी झाली की ती माणसं दुकानं उघडायच्या आधी यायची. चित्र तेव्हाच दिसणार. आम्ही शटर वर करायला गेलो की कोणी तरी ओरडायचं, काका, थोडं थांबा ना. मग आम्ही थांबायचो. फोटो झाले की ते बायपासला पोहे खायला जायचे आणि आम्ही दुकानं उघडायचो. पुढे साहेबांनी सुचवलं की रविवारी सगळ्यांनी दुकानं दुपारनंतर उघडावी, म्हणजे पाहुण्यांना चित्र नीट पाहता येईल. रफिकभाई माझ्याकडे पाहून इतकंच म्हणाला, "भाईजान, बाजार भरवाले दुकान बंद ठेवाचं. असं पहिल्यांदा ऐकून राह्यलो." तू नखांतला वाळलेला रंग काढत बसलास.

आणि मग पाट्यांचं ते प्रकरण. घरपट्टीची माफी नवीन दुकानाला होती, आणि लाइनीत नवीन कोण येणार? मग आमच्याच लोकांनी डोकं लढवलं. जुन्या दुकानाचं नाव बदलायचं, मुलाच्या नाहीतर सुनेच्या नावाने नवा परवाना काढायचा, झालं नवीन दुकान. आजोबांच्या नावाच्या पाट्या उतरल्या. नव्या पाट्या रंगवल्या कोणी? तूच. फुकटात, हौसेने, मोठ्या वळणदार अक्षरांत. कुठे न्यू फॅशन, कुठे साईकृपा, कुठे स्टार. मलाही म्हणालास, "तूही बदलून घे बे, तुह्या पोराच्या, प्रशांतच्या नावानं." मी म्हणालो, माझ्या दुकानाचं नाव माझ्या भांड्यांच्या बुडाला कोरलेलं आहे, ते कसं पुसू? त्यावरून आपण दोन दिवस बोललो नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी जानेफळची एक म्हातारी माझ्या पायरीशी आली. समोरच्या कापडाच्या दुकानात तिच्या चार मुलींची लुगडी झाली होती, आता नातीच्या लग्नासाठी आली होती. दुकान तेच, मालक तोच, आत बसलेला. पण तिला वाचता येत नव्हतं, ती दुकान ओळखायची ते पाटीच्या रंगावरून, आणि रंग तू बदलला होतास. ती तुलाच विचारत होती.

"बापू, ते आपलं जुनं दुकान व्हतं इथी, लाल फळीचं. ते बी उठलं काय?"

तू तिला हाताला धरून समोर नेलंस. तिने आत डोकावून पाहिलं, मालकाने तिला बसा म्हटलं, पण ती काही आत शिरेना. "हे नवं हाय," म्हणाली, आणि बायपासला जाणाऱ्या रिक्षात बसून गेली. तिच्यासारख्या किती गेल्या असतील, कोण जाणे. ज्या गिऱ्हाइकांना लाइन सोडायचीच नव्हती त्यांना आम्हीच सांगून टाकलं की आम्ही उठलो. कर वाचला, दुकानं गेली. ती म्हातारी गेल्यावर तू माझ्याकडे येऊन बसलास आणि त्या दिवशी गडवा वाजवला नाहीस. मी तुला बोलायला हवं होतं का? मला तर तुझा राग आला होता, साहेबांचा, पाट्या बदलणाऱ्यांचा, आणि त्या म्हातारीचासुद्धा. मी नुसता चहा सांगितला.

त्याच्यानंतर एकेक शटर खाली आलं ते वर गेलंच नाही. आणि विनायका, इथेच तुझ्या चित्राने आपला डाव दाखवला. जी शटरं बंद पडली त्यांच्यावरची माणसं कालच काढल्यासारखी टवटवीत राहिली. जी रोज वर-खाली होत होती त्यांच्यावरची झिजायला लागली. पट्टीवर पट्टी घासते, ग्रीस लागतं, रंगाचे टवके उडतात. कोणाच्या फेट्याला खाच, कोणाच्या बैलाचं शिंग गेलं. दिवाळीच्या आधी तू डबा-ब्रश घेऊन यायचास आणि चालू दुकानांची शटरं भरून द्यायचास. पहिल्या दिवाळीला तुला आठवडा लागला. मागच्या दिवाळीला एका सकाळीत आटोपलं, कारण भरायला आम्ही तिघंच उरलो होतो.

तेव्हा तू माझ्या शटरावरची बाकीची माणसं भरलीस आणि स्वतःला तसंच सोडलंस. तुझं तोंड तोवर पार पुसलं होतं, टोपीखाली नुसता पत्रा.

"तुहं तोंड गेलं न बे. भर ना," मी म्हणालो.

"जाऊ दे तोंड. वाजवाले हात आहे न."

"असं कसं? लोकं म्हनतीन हा कोन बिनतोंडाचा."

"झिजू दे शेट. झिजते म्हंजे तू दुकान उघडून राह्यला. मले दुसरं काही नाही पाहाचं. पुढच्या दिवाळीले भरतो."

पुढची दिवाळी काही आली नाही. आणि मला अजून कळलेलं नाही, की तू खरंच आळस केलास की मला काही सांगत होतास. विचारायचं राहून गेलं. रोज भेटणाऱ्या माणसाला आपण विचारत नाही, उद्या विचारू म्हणतो.

विचारायचं तुझंही राहिलं होतं एक. प्रशांतने बायपासला गाळा पाहिलाय हे तुला ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. माझा मुलगा काही वाईट नाही. तो म्हणतो बाबा, तिथे निदान माणसं तरी दिसतील. तू रोज माझ्याकडे पाहायचास, आज हा सांगेल, आज सांगेल. मी सांगायचो नाही, कारण माझं मलाच ठरत नव्हतं. तू कधी विचारलं नाहीस. ही तुझी मोठी मेहेरबानी होती माझ्यावर, विनायका, आणि त्याबद्दल मी तुझा आभारी आहे. जिवंतपणी हे म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, काय बे, ताप आहे काय तुला.

तुला पोचवून आलो, अंघोळ केली, दुकानात गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी गेलो तर पायरीपाशी साहेब उभे. डोळे लाल. तुझ्यावर जीव होता त्यांचा, ते खोटं नव्हतं. म्हणाले, "काका, शटर जरा तसंच राहू द्या. सरांच्या स्मरणार्थ इथेच कार्यक्रम घेऊ. काल चित्र पूर्ण पाहिलं तेव्हा कळलं, सरांनी केवढं मोठं काम केलंय." त्यांच्या मोबाइलमध्ये तुझ्या मयतीच्या वेळचा फोटो होता. पूर्ण चित्र, आणि त्याच्यासमोरून तू. मी तो नीट पाहिला नाही.

तसंच राहू दिलं. सहा-सात सकाळी मी नुसताच येऊन पायरीवर बसलो. मग साहेबांनी पुढचं सांगितलं. चित्रावर पारदर्शक लेप देऊन ते कायमचं जपायचं. वर दिवे, कडेला तुझ्या नावाची पाटी. रफिकभाई तसाही लेकाकडे अकोल्याला चालला, किराणावालाही तयार झालाय. राहिलो मी. मी शटर कायमचं खाली ठेवायचं आणि त्याबदल्यात बायपासच्या नगरपालिकेच्या कॉम्प्लेक्समध्ये मला गाळा मिळेल, कमी भाड्याने. "सरांचं काम टिकलं पाहिजे, काका. तुम्ही दुकान उघडत राहिलात तर ते झिजून जाईल. आता भरायला कोण आहे?"

प्रशांत माझ्या बाजूला उभा होता. त्याने माझा हात धरला.

खरं सांगू? मी हो म्हणणार होतो. भाड्यासाठी नाही. त्या माणसाने जे म्हटलं त्यात खोट नव्हती. आता मी जितक्या वेळा शटर वर करीन तितक्या वेळा तुला खरवडीन. तोंड गेलंच आहे. हात राहिलाय, गडवा राहिलाय, तेही जातील, आणि ते माझ्याच हाताने जातील. तुझं जगात दुसरं काय उरलंय? शाळेतल्या भिंतींना चुना मारला, वह्या रद्दीत गेल्या. हे एवढं आहे, आणि ते ठेवायचं तर मला उठावं लागतं. रात्रीचं जेवण गोड लागेना. बायकोने विचारलं तर म्हणालो, उद्या सांगून टाकतो साहेबांना.

आज सकाळी साहेबांची वाट पाहत पायरीवर बसलो होतो. लाइनीत चिटपाखरू नव्हतं. आणि तिकडून सुमनवहिनी येताना दिसल्या. हातात पिशवी. एवढ्या लवकर त्या घराबाहेर पडतील असं मला वाटलं नव्हतं. माझ्यासमोर येऊन त्यांनी आधी शटर पाहिलं, बिनतोंडाच्या तुला पाहिलं, आणि मग मला.

"भाऊजी, दुकान काऊन बंद?"

मी उठून त्यांना पायरीवर जागा करून दिली.

"तेरवीले वाटाले गडवे पाहिजे," त्या म्हणाल्या. "यायच्या नावाचे." आणि शटरावरच्या तुझ्याकडे बोट केलं.

आता तेरवीला, तेराव्या दिवशी, कोण गडवे वाटतं? लोक स्टीलच्या वाट्या वाटतात, बायपासच्या दुकानातून, नाव छापून मिळतं. मी तसं म्हणालोही. मुलगा गाडी घेऊन जाईल बायपासला, वहिनी, तिथे स्वस्त पडेल.

"थे रोज तुमच्याकडे येऊन वाजवत. घरी येऊन मले सांगत, आज मस्त गडवा वाजला म्हणून. मी कधी ऐकला नाही," त्या म्हणाल्या. "उघडा ना भाऊजी."

मी कुलूप काढलं. इतके दिवस बंद होतं म्हणून शटर अडलं, दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. करकरत वर गेलं. रंगाचे दोन-चार टवके माझ्या हातावर पडले, ते झटकले नाहीत. वहिनी तुझ्या हाताकडे पाहत राहिल्या, तो पट्टीपट्टीने वर सरकत आत गुंडाळला जाईपर्यंत. मग पदराने डोळे पुसून पायरी चढल्या.

फळीवरचा एक गडवा त्यांनी उचलला, कानाशी धरला आणि बोट वाकवून वाजवला. तुझ्यासारखंच. कोणी शिकवलं नसेल त्यांना, की तू घरी करून दाखवायचास? तो किती वेळ वाजत होता. आम्ही दोघं तो थांबेपर्यंत उभे राहिलो.

नावं टाकायला बसलो. गावातल्या अर्ध्या लोकांच्या लग्नाची आणि तेरवीची नावं मी टाकली आहेत, हात कधी हलला नाही. 'विनायक' मी एकदा टाकलं होतं, तिरक्या अक्षरांत, तुझ्या लग्नाच्या भांड्यांवर. आज त्याच्याआधी 'कै.' टाकायचं होतं. पहिल्या गडव्यावर हात घसरला आणि अक्षर पुन्हा तिरकं गेलं. मी तो बाजूला ठेवायला लागलो. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या, हा माह्यासाठी. घरच्या भांड्यावर बी तसंच आहे."

मधेच साहेब येऊन गेले. दारात थांबले, उघडं शटर पाहिलं, वहिनींना पाहिलं, नमस्कार करून परतले. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना तुला जपायचं आहे. मलाही तेच हवं होतं काल रात्री.

त्यांना काय सांगणार ते तुला सांगतो, कारण हे तूच ठरवलंयस असं मला वाटतं. मी उठणार नाही. बाजार परत भरेल म्हणून नव्हे, तो भरणार नाही. तू हरलास, साहेब हरले, आम्ही सगळे हरलो, आता त्याला रंग लावण्यात अर्थ नाही. चित्र जपायला दुकान बंद करायचं ही तुझी रीत नव्हती. झिजते म्हंजे तू उघडून राह्यला, असं म्हणून गेलास. मग झिजो.

वहिनी गडवे घेऊन गेल्या. इतकी वर्षं सकाळी सकाळी येऊन माझी बोहनी बुडवणाऱ्या माणसा, आज पहिल्यांदा माझी बोहनी तुझ्या नावाने झाली.

त्याच्यानंतर दिवसभर दुसरं गिऱ्हाईक आलं नाही. संध्याकाळी शटर खाली ओढलं तेव्हा पाहिलं, तुझ्या वाकवलेल्या बोटाच्या पेरावर एक नवी खाच पडली होती. उद्या सकाळी पुन्हा वर करीन. तुझा हात पुरेल तोवर.